दहा गिगाबिट कार्डांची ट्रान्समिट चाचणी: कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२५, सोमवार

सेकंड-हँड नेटवर्क कार्डांचं खोकं आज नागपुरातल्या आयटी पार्कच्या ऑफिसात पोचलं. सगळी एक्स५२० जातीची, आत इंटेलची ८२५९९ चिप, प्रत्येकावर फायबर किंवा तांब्याची केबल लावायचे दोन एसएफपी प्लस पोर्ट. कुठल्यातरी डेटा सेंटरमधून काढलेला माल आहे. पुसूनबिसून चकचकीत केलाय, पण ब्रॅकेटवरचे ओरखडे लपत नाहीत. ग्राहकाला द्यायच्या आपल्या बॉक्समध्ये ही कार्डं रेकॉर्ड केलेलं ट्रॅफिक पुन्हा वाहतं करण्यासाठी बसणार, म्हणजे घेण्यापेक्षा पाठवायचं काम जास्त. एकेक कार्ड ट्रान्समिटला पूर्ण वेग देतं का, हे बघूनच घ्यायचं किंवा परत करायचं.

सोबतचा पोरगा म्हणाला, "ताई, आयपर्फ मारून पाहू ना, दोन मिनिटांचं काम." आयपर्फ म्हणजे नेटवर्कचा वेग मोजायचं नेहमीचं टूल. त्याचा आकडा छान येईल, पण तो कार्डाबद्दल फारसं सांगणार नाही. टीसीपीमध्ये लिनक्सचा कर्नल चौसष्ट केबीपर्यंतचा गठ्ठा कार्डाच्या हातात देतो आणि तुकडे कार्ड स्वतः करतं. दर पॅकेटमागे जो खर्च होतो तो त्यात झाकला जातो. डीपीडीके (पॅकेटं वेगात पाठवायची लायब्ररी) नको, कारण तो कार्ड कर्नलच्या हातून काढून स्वतःचा ड्रायव्हर लावतो आणि आपला बॉक्स तर कर्नलच्याच आयएक्सजीबीई ड्रायव्हरवर चालणार. जे वापरायचं तेच तपासायचं. म्हणून कर्नलमधलंच, पॅकेटं तयार करून पाठवणारं पीकेटीजेन मॉड्यूल. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या रॉबर्ट ओल्सन यांनी लिहायला घेतलेलं हे जुनं काम आहे, पण यासाठी अजून त्याच्याइतकं सरळ काही सापडलेलं नाही.

२ डिसेंबर

मांडणी. दोन डेस्कटॉप, मध्ये तांब्याची डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग जोडूनच येणारी), स्विच नाही. स्विच मध्ये आला की आकडा कमी आल्यावर दोष कोणाचा यावरच दिवस जातो. शिवाय पीकेटीजेनला समोरचा मॅक पत्ता दिला नाही तर तो सगळी शून्यं लावून पाठवतो. असला अनोळखी पत्ता स्विच सगळ्या पोर्टवर उधळतो. सेकंदाला कोटभर पॅकेटांची उधळण ऑफिसच्या नेटवर्कवर झाली तर अकाउंट्सवाले आपल्याला सोडणार नाहीत.

फायबरचं मॉड्यूल लावून बघितलं तर ड्रायव्हरने ते घेतलंच नाही. लॉगमध्ये 'अनसपोर्टेड एसएफपी' असं स्वच्छ लिहून मोकळा. मॉड्यूल लोड करताना अलाउ-अनसपोर्टेड-एसएफपी हा पॅरामीटर १ दिला की घेतो, पण चाचणीत आणखी एक शंकेची जागा कशाला? डीएसीच ठेवली.

आयपी पत्ते १९८.१८ ने सुरू होणारे. आरएफसी २५४४ या १९९९ च्या दस्तऐवजातल्या चाचण्यांसाठी हा पट्टा राखून ठेवलेला आहे, बाहेर कोणाचा नसतो.

३ डिसेंबर

आधी कागदावरचा हिशेब, कारण कमाल किती हे माहीत नसेल तर आलेल्या आकड्याचं करायचं काय?

इथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइट. तिच्यापुढे तारेवर ८ बाइटांची प्रस्तावना जाते आणि मागे १२ बाइटांएवढी सक्तीची मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे दर फ्रेमला ८४ बाइट, ६७२ बिट. दहा गिगाबिटला भागलं की सेकंदाला १,४८,८०,९५२ पॅकेटं. एका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला जेमतेम दोनशे टिक मिळतात आणि मुख्य मेमरीपर्यंत एक फेरी झाली की त्यातल्या बहुतेक संपतात. सगळ्यात मोठी १५१८ ची फ्रेम घेतली तर तारेवर १५३८ बाइट, म्हणजे सेकंदाला ८,१२,७४३.

पीकेटीजेनला पॅकेटचा आकार सांगताना ६० सांगायचा, ६४ नाही. शेवटचे चार बाइट सीआरसीचे, म्हणजे चूक पकडायच्या आकड्याचे, ते कार्ड स्वतः लावतं. तसंच मोठ्यासाठी १५१४.

मॉड्यूल चढवलं की प्रॉक फाइलसिस्टीममध्ये, नेटच्या खाली त्याची एक डिरेक्टरी दिसते. दर सीपीयू कोअरमागे एक थ्रेड, त्याची एक फाइल. त्यात लिहून कार्ड थ्रेडला जोडायचं, मग कार्डाच्या नावाच्या फाइलीत आकार, संख्या, पत्ता लिहायचा आणि शेवटी पीजीकंट्रोल या फाइलीत 'स्टार्ट'. काम संपेपर्यंत ते लिहिणारी एको कमांड परत येत नाही. टर्मिनल अडकल्यासारखं दिसतं, पण ते तसंच असतं. संख्या ० दिली तर आपण थांबवेपर्यंत चालू. कर्नल सोर्सच्या सॅम्पल्समध्ये तयार स्क्रिप्टं आहेत, पण पहिल्यांदा हाताने लिहून बघितलेलं बरं. काय कुठे जातं ते कळतं.

दुपारी पूर्ण वेगाची पहिली धाव मिळाली, ती कशी ते उद्या सविस्तर लिहिते. निकालाची ओळ बघून पोरगा नाराज. "ताई, हे तर सात हजार एकशे बेचाळीस मेगाबिटच दाखवून राहिलं. तीस टक्के कुठं गेले?" कुठेही गेले नाहीत. पीकेटीजेन फक्त आपण दिलेले ६० बाइट मोजतो. सीआरसी, प्रस्तावना, मोकळी जागा त्याच्या हिशेबात नाही. १,४८,८०,९५२ गुणिले ४८० बिट, बरोबर ७,१४२ मेगाबिट. तार काठोकाठ भरलेली आहे. मोठ्या पॅकेटला हाच भरलेला आकडा ९,८४३ दिसतो. आमच्या नोंदवहीत आता मेगाबिटचा रकानाच नाही, फक्त पॅकेट प्रति सेकंद.

४ डिसेंबर

कालच्या आकड्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या लागल्या. कार्डाच्या आत काय चालतं ते त्यातून नीट दिसतं, म्हणून लिहून ठेवते.

पहिली पायरी, काहीही न बदलता एक कोअर: पस्तीस लाखांच्या आसपास. इथे दर पॅकेटला कर्नल नवी मेमरी मागतो, हेडर भरतो, पाठवतो, सोडतो. बराचसा वेळ त्या मागण्या-सोडण्यात जातो, कार्ड रिकामं बसलेलं असतं.

दुसरी पायरी, क्लोन एसकेबी. एकच पॅकेट तयार करून तेच एक लाख वेळा पाठवायचं. पंचावन्न लाखांच्या पुढे गेलो. हे खऱ्या कार्डावरच जमतं. सहज म्हणून व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसवर लावून बघितलं तर 'अननोन एरर ५२४'. कारण आभासी इंटरफेस पॅकेटात ढवळाढवळ करतात, तेव्हा एकच प्रत वाटून घेणं त्यांना परवडत नाही.

तिसरी पायरी बर्स्ट, आणि सगळी गंमत इथे आहे. ड्रायव्हर पॅकेट कार्डाला 'देत' नाही. तो मेमरीतल्या गोल रिंगमध्ये १६ बाइटांचं एक डिस्क्रिप्टर लिहितो, त्यात पॅकेट कुठे आहे आणि किती लांब आहे ते असतं. मग कार्डाच्या टेल रजिस्टरमध्ये आकडा लिहून कळवतो, की इथपर्यंतचं तयार आहे. याला डोअरबेल म्हणतात. कार्ड स्वतः डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, डिस्क्रिप्टर वाचतं, मग पॅकेट वाचतं, पाठवतं, झाल्याची खूण करून ठेवतं. रिंगमध्ये लिहिणं स्वस्त, पण डोअरबेल वाजवणं महाग, कारण ते लिखाण प्रोसेसर आणि कार्डामधला पीसीआय एक्सप्रेस हा रस्ता ओलांडून जातं. २०१४ सालच्या ३.१८ कर्नलपासून ड्रायव्हरला 'अजून येतंय, थांब' असं सांगता येतं. बर्स्ट ३२ म्हणजे बत्तीस पॅकेटं रिंगमध्ये मांडून एकदाच बेल. तेवढ्यानेच एक कोअर कोटीच्या पुढे गेला आणि दुसरा कोअर दुसऱ्या क्यूवर (कार्डाच्या पाठवायच्या वेगळ्या रांगेवर) लावल्यावर तार भरली.

दोन कोअर लावताना इंटरफेसच्या नावापुढे ॲट आणि कोअरचा आकडा लावून प्रत्येक थ्रेडला वेगळी ओळख द्यावी लागते, आणि क्यू-मॅप-सीपीयू हा फ्लॅग. नाहीतर दोघं एकाच क्यूच्या लॉकवर भांडत बसतात आणि दोघांचा मिळून आकडा एकापेक्षाही खाली येतो. करून पाहिलं, खरंच येतो.

रिंग ५१२ वरून १०२४ केली. थोडा फरक पडला. ४०९६ सारखी आणखी मोठीही करता येते, पण अशा मोठ्या रिंगा कृत्रिम भडिमारासाठी ठीक. खऱ्या कामात त्याने पॅकेटं रांगेत जास्त वेळ पडून राहतात. बॉक्समध्ये ५१२ च ठेवायची.

५ डिसेंबर

पाठवणाऱ्या मशीनवर पॅकेटं पकडून दाखवणारा टीसीपीडम्प लावला तर एकही पॅकेट दिसत नाही. पोरगा घाबरला, म्हणे कार्ड पाठवतच नाही. पीकेटीजेन ड्रायव्हरच्या ट्रान्समिट फंक्शनला थेट हाक मारतो. रांगशिस्तीचा क्यूडिस्क आणि टीसीपीडम्प जिथे कान लावून बसतो ती जागा, दोन्ही मागे पडतात. एक्समिट मोड बदलून क्यू-एक्समिट केला की दिसतात, पण वेग उतरतो.

मग विश्वास कशावर? तीन ठिकाणी मोजायचं. पहिलं पीकेटीजेनचं स्वतःचं 'पाठवले'. दुसरं कार्डाच्या हार्डवेअरचं: इथटूल या कार्डाच्या सेटिंग-आकड्यांच्या कमांडच्या आकडेवारीत या ड्रायव्हरमध्ये टीएक्स-पॅकेट्स वेगळं आणि टीएक्स-पीकेटीएस-निक वेगळं. पहिला ड्रायव्हरचा हिशेब, दुसरा चिपच्या काउंटरचा. तिसरं समोरच्या कार्डाच्या चिपचं: घेतलेली, आणि जागा नाही म्हणून टाकून दिलेली, दोन्ही मिळवून. टाकून दिलेली धरायचीच, कारण ती तारेवरून आलेली आहेत. न पेलवणं हा समोरच्या मशीनचा प्रश्न. तिन्हींचा ताळा जमला तरच तो आकडा वहीत.

'एरर्स ०' या ओळीवर भरवसा नाही. रिंग भरली की ड्रायव्हर 'बिझी' म्हणतो, पीकेटीजेन तेच पॅकेट पुन्हा देऊ करतो आणि त्याची एरर म्हणून कुठेच नोंद होत नाही. कार्ड कितीही रडत असलं तरी तिथे शून्यच.

पॅकेट बिघडतंय का हे बघायला क्लोन बंद करून एक हळू धाव. पीकेटीजेन पॅकेटात अनुक्रमांक आणि वेळ घालतो, पण क्लोन चालू असलं की सगळ्या प्रतींवर एकच क्रमांक, मग तपासणार काय? पलीकडे पकडून क्रमांक ओळीने येतात का आणि सीआरसी एरर वाढतात का, एवढं पाहिलं. पहिली दोन कार्डं स्वच्छ.

९ डिसेंबर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडून येणारे सगळे वळसा घालून उशिरा. त्यात रात्री लाईट गेली, यूपीएसने हात टेकले आणि रात्रभर चालवायला लावलेली धाव अर्धवट राहिली. रीबूटनंतर पीकेटीजेनला आधीचं काहीही आठवत नाही, सगळं मेमरीतच असतं. सेटिंग एका शेल स्क्रिप्टमध्ये घातली. तीच आता रिंग, क्लोन, बर्स्ट सगळं लावते आणि धावेच्या आधी-नंतर दोन्ही मशीनचे काउंटर फाइलीत टाकते.

१० डिसेंबर

आज एक कार्ड विचित्र वागलं. कधी पूर्ण वेग, कधी नव्वद लाख, कधी साठ. सीपीयू मोकळा, एरर शून्य, तापमान ठीक. केबल बदलली, तेच.

मग पाठवणाऱ्याच्याच घेण्याच्या काउंटरकडे नजर गेली: आरएक्स-फ्लो-कंट्रोल-एक्सऑफ भराभर वाढत होता. समोरचं मशीन पॉज फ्रेम पाठवत होतं. आठवडाभर समोर बरा प्रोसेसर होता, आज तो दुसऱ्या कामाला गेला म्हणून जुना डेस्कटॉप ठेवला होता. त्याला एवढी पॅकेटं उपसणं जमेना, म्हणून त्याचं कार्ड म्हणत होतं 'जरा थांब', आणि आपलं कार्ड शहाण्या पोरासारखं थांबत होतं. ८०२.३एक्स या इथरनेटच्या मानकाचा नियमच तो. पॉजमधला वेळ ५१२ बिटांच्या मापात असतो, जास्तीत जास्त ६५,५३५ मापं. दहा गिगाबिटला साधारण ३.३६ मिलिसेकंद. त्या अवधीत पूर्ण वेगाने पन्नास हजारांच्या आसपास पॅकेटं गेली असती.

इथटूलने दोन्ही टोकांना पॉज बंद केला. आकडा जागेवर. समोर आता लाखो पॅकेटं फेकली जातात, जाऊ देत. ट्रान्समिटच्या चाचणीत पॉज चालू ठेवणं म्हणजे समोरच्याची दमछाक आपल्या कार्डाच्या खात्यात लिहिणं. ही ओळ स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर गेली.

११ डिसेंबर

आजचं कार्ड मात्र खरंच आजारी, आणि ते जवळजवळ निसटत होतं.

पोरगा घाईत होता, एका कोअरची साधी धाव करून म्हणाला, "पस्तीस लाख, बाकीच्यांसारखंच आहे, टाकू का पास मध्ये?" साठ बाइटची साधी धाव बाकीच्यांसारखी येणारच, कारण तिथे अडथळा सीपीयूचा असतो, कार्डाचा नाही. बर्स्ट लावला तर आकडा चाळीस लाखांच्या आसपास अडून बसला. दुसरा कोअर लावला, हलला नाही. मग १५१४ ची धाव: ८,१२,७४३ हवे, आले अडीच लाख. तीन गिगाबिटपेक्षा किंचित जास्त.

हे गणित ओळखीचं होतं. आकार बदलला तरी पॅकेटांची संख्या तीच राहिली तर दर पॅकेटचा खर्च नडतोय, बहुधा सीपीयू. मोठ्या पॅकेटला बिटांची संख्या एका मर्यादेवर आपटली तर कुठलातरी रस्ता अरुंद आहे. पीसीआय एक्सप्रेस दुसऱ्या पिढीची एक लेन (त्या रस्त्याची एक पट्टी) कच्ची ५ गिगाट्रान्सफर, दहा बिटांमागे आठ कामाचे, म्हणजे ४ गिगाबिट. त्यातून प्रत्येक तुकड्याचं हेडर वजा केलं की तीन-सव्वातीन उरतात. आठ लेनचं कार्ड एका लेनवर चाललं होतं.

बसवलेल्या कार्डांची माहिती देणाऱ्या एलएसपीसीआय कमांडने तेच सांगितलं: क्षमता एक्स८, प्रत्यक्षात एक्स१, पुढे 'डाउनग्रेडेड'. कर्नलच्या लॉगमध्ये तर कार्ड ओळखतानाच लिहून ठेवलं होतं, की ४ गिगाबिट उपलब्ध, क्षमता ३२. ती ओळ आजपासून स्क्रिप्टच धुंडाळेल.

स्लॉट बदलून पाहिला, एक्स१ च. बाकीची कार्डं मात्र त्याच स्लॉटमध्ये एक्स८. बोर्डावरचा खालचा लांब स्लॉट दिसायला सोळाचा असला तरी आत चारच लेन जोडलेल्या आहेत, तिथे एक्स४ दिसणं ठीक. एका पोर्टला सोळा गिगाबिट पुरतात, पण दोन्ही पोर्ट एकदम भरायचे तर तो स्लॉट चालणार नाही. बॉक्सचा मदरबोर्ड निवडताना हे बघायचं.

सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपाइलने पुसल्या. फरक नाही. संध्याकाळी डीलरला फोन केला. "माझ्याकडं तर मस्त चालून राहिलं होतं, मॅडम." चालत असेलच. लिंक लागते, पिंग जातं, एक गिगाबिटचं काम निभतं. विकणारा एवढंच बघतो.

१२ डिसेंबर

सकाळी भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन कार्डाची कड पाहिली. सोनेरी पट्ट्यांच्या वरच्या अंगाला कार्डाकडून निघणाऱ्या लेनचे कपॅसिटर जोडीजोडीने बसवलेले असतात, डीसी व्होल्टेज अडवून फक्त सिग्नल जाऊ द्यायला. एका जोडीतला एक गायब. तिळाएवढा तुकडा. जागेवर दोन मॅट डाग आणि एका डागाचा तांब्याचा कोपरा किंचित उचललेला. स्लॉटमधून कार्ड तिरकं ओढलं की शेजारच्या कशाला तरी घासून असं होतं. गेलेली जोडी दुसऱ्या लेनची. आठ लेनची जुळणी फसली की लिंक कमी रुंदीवर उतरते, आणि दुसरीच लेन मेली तर चार किंवा दोनवर थांबायलाही जागा नाही, थेट एक.

बर्डीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने आधी "हे काय टीव्हीचं आहे का?" विचारलं, मग मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर काही विचारलं नाही. दुसऱ्या पिढीला ७५ ते २०० नॅनोफॅरड चालतो. त्याच्याकडे मेलेल्या फोनच्या बोर्डावरचा १०० चा होता. उचललेल्या कोपऱ्यावर फ्लक्स लावून तो दाबून बसवला, हॉट एअर क्षणभर. त्याच्या हाताला कंप नाही. माझ्याकडून हे झालं नसतं. पैसे त्याने चहाएवढेच घेतले, मी जास्त दिले.

परत येऊन बसवलं: एक्स८. साठ बाइट, दोन कोअर, बर्स्ट ३२, तार भरली. १५१४ ला ८,१२,७४३. तिन्ही काउंटरांचा ताळा जमला.

१५ डिसेंबर

दुरुस्त कार्ड बॉक्समध्ये घालायचं की नाही यावर थोडा वाद. माझं मत, ग्राहकाच्या बॉक्समध्ये नको. सोल्डर आज धरलंय, पण ८२५९९ चा हीटसिंक पंख्याविना आताच्या थंडीतही हाताला चटका देतो आणि बॉक्स मे महिन्यात नागपुरात पंचेचाळीस डिग्रीच्या खोलीत बसणार. ते कार्ड आपल्या टेबलावर राहील, चाचणीत समोरचं टोक म्हणून. डीलरने त्याचे पैसे पुढच्या मालात वळते करायचं कबूल केलं. फोटो पाठवल्यावर आवाज उतरला होता.

बाकी कार्डांची रात्रभराची धाव शनिवारपासून लागलेली आहे. रोज एक, समोर पंखा, पॉज बंद. पोरगा आता आधी लिंकची रुंदी बघतो, मग १५१४, आणि साठ बाइट शेवटी. शिकवावं लागलं नाही. दुसऱ्या पोर्टसकट एकत्र वीस गिगाबिटची धाव अजून व्हायची आहे. त्यासाठी डीएसी केबल एक कमी पडते, उद्या येतेय.